आयपीटी जीनचं क्यूपीसीआर दर रिपीटला वेगळं येतंय? नवीन किट मागवायच्या आधी हे तपासा

सायटोकायनिन (झाडाची वाढ ठरवणारं हॉर्मोन) तयार करणाऱ्या आयपीटी जीन्सवर क्यूपीसीआरने, म्हणजे जीन किती चालू आहे ते मोजायच्या पद्धतीने, काम करणाऱ्या बहुतेकांकडून मी हीच गोष्ट ऐकते. पहिल्या रनला आयपीटी३ चारपट वाढलेला दिसतो, दुसऱ्याला काहीच फरक नाही, तिसऱ्याला तर चक्क कमी झालेला. बियाणं तेच, प्राइमर तेच, किट तेच. मग मशिनवर संशय येतो, नवीन किट मागवलं जातं, अख्खी प्लेट परत लावली जाते आणि यात महिनेच्या महिने जातात. आधी माझ्या स्वतःच्या कामात आणि नंतर दुसऱ्यांच्या मदतीला जाऊन हा फॉल्ट मी इतक्या वेळा काढलाय की आता कुठे बघायचं ते पाठ झालंय, आणि मशिनचा दोष त्यात फार क्वचित निघालाय. बहुतेक वेळा घोळ दोनच ठिकाणी असतो, एक तर आरएनएमध्ये राहून गेलेला जिनोमिक डीएनए, नाहीतर त्या रोपाला त्या आठवड्यात काय खायला मिळालं ते.

आधी लक्षणं बघून घ्या, तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल.

- आयपीटीचे सीटी (सिग्नल कितव्या सायकलला दिसतो तो आकडा, जास्त म्हणजे जीन कमी) ३१ ते ३६ मध्ये येतात आणि एकाच सँपलच्या तीन वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) एक-दीड सायकलचा फरक पडतो, पण त्याच प्लेटवरचा रेफरन्स जीन (तुलनेसाठी घेतलेला स्थिर जीन) मात्र एकदम व्यवस्थित येतो.
- कंट्रोल आणि ट्रीटमेंट दोन्हींत सीटी जवळजवळ सारखाच, ट्रीटमेंट कितीही बदला, आकडा हलतच नाही.
- नो-आरटी वेलमध्ये, म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेल्या वेलमध्येही सिग्नल येतो, आणि मेल्ट कर्व्ह (तुकडा कुठल्या तापमानाला सुटतो त्याचा आलेख) एकदम स्वच्छ, एकच पीक.
- नायट्रेट दिलं तरी आयपीटी३ वाढत नाही.
- आयपीटी वाढलेला दिसतो, पण एआरआर५ (सायटोकायनिन पोचलं की वाढणारा जीन) जागचा हलत नाही आणि झाडात तर काहीच फरक दिसत नाही.
- एका बॅचच्या रोपांत रिझल्ट येतो, दुसऱ्या बॅचमध्ये नाही.

यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढे वाचा. रेफरन्स जीनसुद्धा वेल-वेलमध्ये हलत असेल तर तो वेगळा प्रॉब्लेम आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

हेच जीन्स एवढा त्रास का देतात

हे कळलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो म्हणून थोडक्यात सांगते. सायटोकायनिन बनवायची पहिली पायरी म्हणजे एटीपी किंवा एडीपीला आयसोपेंटेनिल साखळी जोडायची, ते काम आयपीटी एन्झाइम करतं. अॅग्रोबॅक्टेरियम हा बॅक्टेरिया झाडात जो डीएनएचा तुकडा घालतो त्या टी-डीएनएवरचा आयपीटी काय करतो ते १९८४ मध्येच कळलं होतं, पण झाडाचे स्वतःचे आयपीटी जीन्स सापडायला अॅरॅबिडॉप्सिसचा (प्रयोगांत वापरतात त्या छोट्या झाडाचा) जिनोम हातात यावा लागला आणि २००१ मध्ये एकदम नऊ मिळाले. त्यातले आयपीटी२ आणि आयपीटी९ हे टीआरएनएवर काम करतात, सिस-झिएटिन त्यांच्यामुळे येतं. बाकीचे सात एटीपी-एडीपी गटातले, आपण ज्याला साधारणपणे सायटोकायनिनचं उत्पादन म्हणतो ते यांचंच.

आता महत्त्वाचं. या सात जीन्सच्या कोडिंग भागात इंट्रॉन (आरएनए तयार होताना कापून टाकले जाणारे मधले तुकडे) नाहीत. आणि ते फार हळू आवाजात बोलतात, म्हणजे मोजक्याच पेशींत, मोजक्याच कॉपीजमध्ये. आयपीटी३ मुख्यतः फ्लोएममध्ये, आयपीटी५ मुळाच्या टोकाच्या कॉल्युमेलात (टोपीतल्या मधल्या पेशींत) आणि नवीन फुटणाऱ्या बाजूच्या मुळांत, आयपीटी७ मुळाच्या लांब होणाऱ्या भागाच्या एंडोडर्मिसमध्ये. अख्खं रोप वाटून आरएनए काढला की हा सिग्नल बाकीच्या सगळ्या पेशींच्या आरएनएत बुडून जातो. इंट्रॉन नाही आणि आवाज हळू, या दोन गोष्टी एकत्र आल्या की जिनोमिक डीएनएचा थोडासा अंशही अख्खा रिझल्ट खराब करू शकतो.

तपासणी १ : जुना डेटा उघडा, फोल्ड चेंज नको, रॉ सीटी बघा

याला काहीच खर्च नाही, फक्त अर्धा तास लागतो. फोल्ड चेंजचा, म्हणजे किती पट बदललं त्याचा, बार ग्राफ सगळं झाकून टाकतो म्हणून तो आधी बंद करा. एक्सेलमध्ये चारच गोष्टी लावा, प्रत्येक वेलचा सीटी, नो-आरटीचा सीटी, एनटीसीचा सीटी आणि मेल्टचं तापमान.

एनटीसीत म्हणजे टेम्प्लेट न घातलेल्या वेलमध्ये ३७-३८ ला काहीतरी येतंय आणि त्याचं मेल्ट तुमच्या खऱ्या प्रॉडक्टपेक्षा बरंच खाली असेल तर तो प्राइमर डायमर आहे, त्याचा एवढा त्रास नाही. पण एनटीसीचं मेल्ट खऱ्या प्रॉडक्टशी तंतोतंत जुळत असेल तर तुमच्या पाण्यात, मिक्समध्ये किंवा पिपेटमध्ये तो सिक्वेन्स पोचलाय. ज्या लॅबमध्ये आयपीटी जीन क्लोन करतात तिथे हे हमखास होतं. मिनिप्रेप (बॅक्टेरियातून प्लाझ्मिड काढायचं काम) ज्या टेबलावर करतात त्याच टेबलावर प्लेट भरली जाते आणि प्लाझ्मिडचा अदृश्य थेंबही लाखो कॉपीज घेऊन येतो. पाणी, प्राइमरची डायल्युशन्स आणि मिक्स नवीन उघडा, जुनी फेकून द्या, जपून ठेवू नका.

आता नो-आरटी. आरटी घातलेल्या आणि न घातलेल्या वेलच्या सीटीमध्ये किती अंतर आहे ते बघा. अंतर ७ सायकलचं असेल तर सिग्नलचा साधारण १२८ वा भाग डीएनएकडून येतोय, म्हणजे एक टक्क्याच्या आत, चालेल. ५ सायकलचं असेल तर ३२ वा भाग, म्हणजे तीन टक्के, ठीक आहे. ३ सायकलच्या खाली आलात तर आठव्या भागाहून जास्त सिग्नल खोटा आहे. आणि माझ्याकडे जे डेटा येतात त्यात हे अंतर कितीतरी वेळा एक सायकलच असतं, म्हणजे अर्धा सिग्नलच डीएनएचा. अशा वेळी कंट्रोल आणि ट्रीटमेंट सारखे दिसणारच, कारण तुम्ही दोन्हीकडे जिनोमच मोजताय आणि तो ट्रीटमेंटने बदलत नाही.

नो-आरटी लावलाच नसेल, किंवा फक्त रेफरन्स जीनसाठी लावला असेल तर उत्तर बहुतेक तिथेच आहे. रेफरन्स जीनचा नो-आरटी स्वच्छ आला म्हणजे आयपीटीचाही स्वच्छ आहे असं अजिबात नाही. रेफरन्स जीनचे प्राइमर सहसा इंट्रॉन ओलांडून असतात, जिनोमवर ते चालतच नाहीत किंवा मोठा तुकडा देतात. आयपीटीच्या प्राइमरना जिनोम आणि सीडीएनए दोन्ही सारखेच. मेल्ट कर्व्ह, जेल, सिक्वेन्सिंग, कशानेही फरक कळणार नाही कारण तुकडा अक्षरशः एकच आहे. म्हणून नो-आरटी प्रत्येक आयपीटी जीनचा, प्रत्येक आरएनए सँपलचा लावायचा, बॅचमधून एक-दोन निवडून भागत नाही.

तपासणी २ : रोपांची वही काढा

यालाही खर्च नाही पण लोक हे सगळ्यात शेवटी करतात, आणि मला सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळालीयेत, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

सायटोकायनिनचं उत्पादन हा झाडाचा नायट्रोजनचा हिशोब आहे. जमिनीत नायट्रेट आलं की आयपीटी३ पटकन, तासाभरात वर जातो, आणि मुळांकडून वर पानांना निरोप जातो की खायला आहे, वाढा. आयपीटी५ नायट्रेट आणि अमोनियम दोन्हींना प्रतिसाद देतो पण सावकाश, किती दिवस पोषण मिळालं त्यावर. म्हणजे रोपाला पाणी कधी दिलं, कुठल्या द्रावणाचं दिलं, कापणीच्या आदल्या दिवशी दिलं की त्याच सकाळी, हे सगळं तुमच्या आकड्यात उतरतं. एकदा एका मुलीच्या दोन बॅचमध्ये सहा पटीचा फरक येत होता, प्राइमर-बिमर सगळं ठीक होतं. वही नीट वाचल्यावर कळलं की एका बॅचला न्यूट्रियंट सोल्यूशन कापणीच्या दिवशी सकाळी घातलं होतं आणि दुसऱ्या बॅचला तीन दिवस आधी. तिचं म्युटंट-वाइल्ड टाइपचं उत्तर त्यात पूर्ण झाकलं गेलं होतं.

दुसरी गोष्ट एमएसची, म्हणजे रोपं वाढवायच्या नेहमीच्या पोषक माध्यमाची. पूर्ण ताकदीच्या एमएसमध्ये नायट्रेट साधारण ३९ मिलीमोलर आणि अमोनियम साधारण २१ मिलीमोलर असतं, एकूण ६० मिलीमोलर नायट्रोजन. त्यावर वाढलेल्या रोपाला आणखी १० मिलीमोलर नायट्रेट दिलं तर ते कशाला हलेल, त्याचं पोट आधीच भरलेलं आहे. "नायट्रेट दिलं तरी आयपीटी३ वाढत नाही" या तक्रारीचं कारण निम्म्याहून जास्त वेळा हेच असतं. आधी दोन-तीन दिवस नायट्रोजन कमी असलेल्या माध्यमावर ठेवा, मग पोटॅशियम नायट्रेट द्या, आणि कंट्रोलला तेवढंच पोटॅशियम क्लोराइड द्या, नाहीतर नुसत्या पोटॅशियमचा परिणाम नायट्रेटच्या नावावर जमा होईल.

तिसरं म्हणजे हॉर्मोन. माध्यमात बीएपी किंवा झिएटिन (दोन्ही सायटोकायनिनच) असेल तर झाड स्वतःचं उत्पादन आवरतं, आयपीटी१, ३, ५, ७ हे सगळे सायटोकायनिन दिल्यावर खाली जातात. ऑक्झिन दिलं तर आयपीटी५ आणि आयपीटी७ वर जातात. टिश्यू कल्चरमधून आलेलं मटेरियल वापरत असाल तर ते आधी हॉर्मोन नसलेल्या माध्यमावर काढून एक-दोन सबकल्चर होऊ द्या, मागच्या माध्यमातला बीएपी पेशींत बराच काळ टिकतो.

आणि अॅग्रोइन्फिल्ट्रेशन केलेली, म्हणजे अॅग्रोबॅक्टेरियम टोचलेली, पानं असतील तर हे नक्की वाचा. अॅग्रोबॅक्टेरियमच्या नोपालिन प्रकारच्या टीआय प्लाझ्मिडवर विर भागात (टी-डीएनए झाडात पोचवणाऱ्या जीन्सच्या भागात) टीझेडएस नावाचा जीन असतो, तो पण आयपीटीच आहे आणि बॅक्टेरिया त्यातून ट्रान्स-झिएटिन बनवून बाहेर सोडतो. जीव्ही३१०१ सारख्या स्ट्रेनमधून टी-डीएनए काढलेला असला तरी विर भाग तसाच असतो, म्हणजे टीझेडएस पण तिथेच. नुसतं बफर टोचलेलं पान हा इथे कंट्रोल होऊच शकत नाही, रिकामा व्हेक्टर असलेला तोच स्ट्रेन, तेवढ्याच ओडीला (बॅक्टेरियाच्या दाटपणाला) टोचलेला, तोच खरा कंट्रोल.

राहिलं कापणीचं. सगळी सँपल्स दिवसाच्या एकाच वेळेला घ्या, मुळं आणि शेंडा वेगवेगळे घ्या, कापल्यापासून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकेपर्यंत मिनिटभराच्या वर जाऊ देऊ नका. चाळीस रोपं कापायला तास लागत असेल तर आधी सगळे कंट्रोल मग सगळी ट्रीटमेंट असं करू नका, आलटून पालटून कापा, नाहीतर वेळेचा फरकच ट्रीटमेंटचा फरक म्हणून दिसेल.

तपासणी ३ : नो-आरटी खराब असेल तर डीएनए काढा, नीट काढा

आकड्यांत बघूया म्हणजे गांभीर्य कळेल. अॅरॅबिडॉप्सिसचा जिनोम साधारण १३.५ कोटी बेसेसचा, त्याच्या एका कॉपीचं वजन ०.१५ पिकोग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक नॅनोग्रॅम डीएनएत पावणेसात हजारांच्या आसपास कॉपीज. आता समजा तुमच्या आरएनएत फक्त एक टक्का डीएनए राहिलाय आणि एका वेलमध्ये तुम्ही १० नॅनोग्रॅम आरएनएच्या हिशोबाचं सीडीएनए घालताय, तर ०.१ नॅनोग्रॅम डीएनए आला, म्हणजे साडेसहाशेच्या वर कॉपीज. पीपी२एसारख्या रेफरन्स जीनला याचा पत्ताही लागत नाही. पण पानातल्या आयपीटी जीनचे खरे ट्रान्सक्रिप्ट याहून कमी असू शकतात.

नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला त्यावरून आरएनए मोजणाऱ्या मशिनवर) विश्वास ठेवून "२६०/२८० दोन आलाय म्हणजे शुद्ध आहे" असं म्हणू नका. तो रेशो प्रोटीनबद्दल सांगतो, डीएनए आणि आरएनए दोन्ही २६० लाच शोषतात, एक-दोन टक्के डीएनए त्यात दिसणं शक्यच नाही. दिसतो तो फक्त नो-आरटीत.

कॉलमवरचं पंधरा मिनिटांचं डीनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) बऱ्याच जीन्सना पुरतं, आयपीटीला बहुतेकदा नाही पुरत. मी कॉलमवर एकदा आणि मग आरएनए बाहेर काढल्यावर ट्यूबमध्ये परत एकदा ३७ अंशांवर अर्धा तास करते. बंद करताना आधी ईडीटीए (मॅग्नेशियम बांधून ठेवणारं रसायन) घालायचं आणि मगच ६५ अंशांवर दहा मिनिटं, हा क्रम चुकवू नका, कारण मॅग्नेशियम मोकळं असताना आरएनए तापवला तर तो तुटतो आणि मग दुसराच प्रॉब्लेम अंगावर येतो. तेच ईडीटीए पुढे आरटीचं मॅग्नेशियम खातं म्हणून आरटीत आरएनएचं व्हॉल्यूम कमी ठेवा. आणि एका ट्यूबमध्ये झेपेल तेवढाच आरएनए घ्या, दहा मायक्रोग्रॅमला एक युनिट डीनेज घालून काही होत नाही.

एवढं करूनही नो-आरटी येत असेल तर एक जुनी पण छान युक्ती आहे. आरटीसाठी ओलिगो-डीटीच्या (आरएनएच्या शेवटच्या पॉलीए भागाला चिकटणाऱ्या प्राइमरच्या) मागे एक वेगळा, झाडात कुठेच नसलेला सिक्वेन्स शेपटीसारखा जोडून घ्यायचा आणि पीसीआरचा एक प्राइमर त्या शेपटीवर ठेवायचा. जिनोमला ती शेपटी नसते त्यामुळे डीएनए वाढूच शकत नाही. दुसरा प्राइमर मात्र ट्रान्सक्रिप्टच्या शेवटाजवळ घ्यावा लागतो, आणि पॉलीए कुठे लागतो ते माहीत पाहिजे. थोडं खटपटीचं काम आहे पण बिनइंट्रॉनच्या जीन्सना याने खरंच फायदा होतो.

तपासणी ४ : प्राइमर नक्की कुणाला धरतायत

आयपीटी५ आणि आयपीटी७ एकमेकांच्या बरेच जवळचे आहेत. पेपरमधून उचललेला प्राइमर ब्लास्ट (जिनोममध्ये तो कुठेकुठे जुळतो त्याचा शोध) न करता वापरला तर दोघांना मिळून एक आकडा येतो. दोन्ही प्राइमर पूर्ण जिनोमवर ब्लास्ट करा, ३ प्राइमच्या टोकाकडे निदान दोन-तीन बेसेसचा फरक आहे का ते डोळ्यांनी बघा.

जमलं तर प्राइमर ३ प्राइम यूटीआरमध्ये, म्हणजे कोडिंग भागानंतरच्या तुकड्यात, घ्या. एक तर तिथे भावंडांमध्ये फरक जास्त असतो, आणि दुसरं म्हणजे तुमच्या लॅबमधल्या प्लाझ्मिडमध्ये नुसता कोडिंग भाग असेल तर ते प्लाझ्मिड या प्राइमरना दिसतच नाही. ओव्हरएक्स्प्रेशन लाइनमध्ये तर दोन्ही लावा, यूटीआरचा प्राइमर झाडाचा स्वतःचा जीन सांगतो आणि कोडिंगचा प्राइमर एकूण. जास्त झालेल्या सायटोकायनिनमुळे झाडाने स्वतःचा जीन आवरलाय का ते यातून लगेच कळतं.

एफिशिअन्सी (दर सायकलला तुकडे किती पट होतात ते) काढताना स्टँडर्ड कर्व्ह जिनोमिक डीएनएवर काढता येतो, हा बिनइंट्रॉनच्या जीनचा एकच फायदा. स्लोप -३.१ ते -३.६ मध्ये असेल तर ठीक.

आणि ज्या जीनचा सिग्नल येत नाही तो खरंच तिथे असायला पाहिजे का हे पण विचारा. आयपीटी४ आणि आयपीटी८ मुख्यतः कोवळ्या बियांत बोलतात. पानात त्यांचा सीटी आला नाही तर तुमचा प्रयोग बरोबर झालाय.

अॅरॅबिडॉप्सिस सोडून दुसऱ्या झाडावर काम असेल तर जीन मॉडेल स्वतः उघडून इंट्रॉन आहे का बघा, आणि गव्हासारखं हेक्साप्लॉइड असेल तर ए, बी, डी तिन्ही जिनोमच्या कॉपीज वेगळ्या धरायच्या की एकत्र ते आधीच ठरवा.

तपासणी ५ : वेलमध्ये मॉलिक्यूल किती पडतायत

आरएनएतला डीएनए निघाला, प्राइमर चांगले आहेत, तरी तीन वेल तीन दिशांना, तर मग हा सरळ मोजणीचा प्रश्न आहे. वेलमध्ये सरासरी चारच मॉलिक्यूल पडत असतील तर एका वेलमध्ये दोन आणि दुसऱ्यात सहा पडणं अगदी स्वाभाविक आहे, आणि दोन विरुद्ध सहा म्हणजे दीड सायकलचा फरक. यात तुमच्या पिपेटिंगचा काही दोष नाही. सरासरी शंभर पडत असतील तर फरक दहा टक्क्यांच्या आसपास राहतो, पाव-अर्ध्या सायकलच्या आत.

म्हणून सीडीएनए वीसपट पातळ करायची सवय आयपीटीसाठी मोडा. रेफरन्सला वीसपट, आयपीटीला पाचपट किंवा त्याहून कमी, आणि फरकाचा हिशोब गणितात करून घ्या. आरटीत आरएनए जास्त घ्या. वेल तीनऐवजी पाच-सहा लावा. फक्त आरटीचं मिक्स पीसीआरच्या दहा टक्क्यांहून जास्त घालू नका, त्यातलं मीठ आणि एन्झाइम पीसीआरला अडवतं, मग सीटी वाढलेला दिसतो आणि आपण समजतो जीन कमी झाला.

आणि ३५ च्या पुढचा सीटी आला की त्यावरून फोल्ड चेंज काढूच नका. "मोजता आला नाही" असं लिहा, ते प्रामाणिक उत्तर आहे आणि कुणीही शहाणा रिव्ह्यूअर ते मान्य करतो.

तपासणी ६ : रेफरन्स जीन

हे पटकन. नायट्रोजन आणि हॉर्मोनच्या ट्रीटमेंटमध्ये वाढच बदलते, त्यामुळे अॅक्टिन, ट्युब्युलिन, जीएपीडीएच यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. १८एस तर नकोच, तो इतका भरमसाठ असतो की आयपीटीशी त्याची तुलना होत नाही. पीपी२ए, टीआयपी४१, सँड यातले निदान दोन घ्या आणि तुमच्याच ट्रीटमेंटमध्ये ते स्थिर आहेत हे आधी दाखवा.

तपासणी ७ : पॉझिटिव्ह कंट्रोलची रोपं

आता थोडं कष्टाचं. नवीन रोपं लावा, खास कंट्रोलसाठी. एका गटाला नायट्रोजन कमी ठेवून मग एक तास नायट्रेट, दुसऱ्या गटाला एक मायक्रोमोलर बीएपी अर्धा तास. पहिल्या गटात नायट्राइट रिडक्टेज जोरात वर गेला पाहिजे, दुसऱ्यात एआरआर५. हे दोन जीन मोठ्याने बोलतात, ते न मोजता यायला काही कारण नाही.

नायट्राइट रिडक्टेज वर गेला आणि आयपीटी३ नाही, तर ट्रीटमेंट पोचलीये, मोजणीत घोळ आहे, तपासणी ३ ते ५ परत करा. नायट्राइट रिडक्टेजच हलला नाही तर नायट्रेट रोपापर्यंत पोचलंच नाही किंवा रोप उपाशी नव्हतं, तपासणी २ वर जा. या एका प्रयोगाने रोपाचा दोष आणि प्लेटचा दोष असे दोन वेगळे होतात. हे करायला दोन-तीन आठवडे लागतात म्हणून मी ते इतकं मागे ठेवलंय, पण नवीन प्रोजेक्ट सुरू करत असाल तर पहिल्याच दिवशी याच्या बिया लावा.

तपासणी ८ : आयपीटी खरंच वाढलाय, पण झाडात काही दिसत नाही

हा फॉल्ट नसेलही. आयपीटी ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही. आयपीटीने बनवलेल्या न्यूक्लिओटाइडला सीवायपी७३५ए हायड्रॉक्सिल लावून ट्रान्स-झिएटिनच्या रांगेत नेतं, मग लॉग एन्झाइम त्यातून काम करणारा मोकळा बेस सोडवतं, आणि सीकेएक्स तो तोडून टाकतं. शिवाय यूजीटी एन्झाइम त्याला साखर चिकटवून बाजूला ठेवतात. सायटोकायनिन वाढलं की सीकेएक्सही वाढतं, त्यामुळे चारपट आयपीटी असूनही हॉर्मोन जवळपास तेवढाच राहू शकतो.

तोडणारा जीन किती महत्त्वाचा आहे हे भातात चांगलं दिसलंय. २००५ मध्ये भाताच्या लोंबीतल्या दाण्यांची संख्या ठरवणारा जीएन१ए हा भाग शोधला तेव्हा तो ओएससीकेएक्स२ निघाला, तो कमी झाला की फुलोऱ्यात सायटोकायनिन साठतं आणि दाणे वाढतात. आणि लॉग जीन २००७ मध्ये सापडला तोही भाताच्याच म्युटंटमधून, ज्यात फुलोऱ्याचं टोक लवकर संपून जायचं. म्हणून नुसता आयपीटी मोजून "सायटोकायनिनचं उत्पादन वाढलं" असं लिहू नका. आयपीटी, सीवायपी७३५ए, लॉग, सीकेएक्स यांतले तुमच्या टिश्यूत बोलणारे जीन्स एकत्र मोजा, आणि शेवटी एआरआर५ किंवा एआरआर७, म्हणजे निरोप पोचला का ते कळेल.

उलट्या बाजूचंही तसंच. आयपीटीचा एक जीन बंद केला आणि झाड ठणठणीत असेल तर घाबरू नका, भावंडं भरपाई करतात. आयपीटी१, ३, ५, ७ चारही एकत्र बंद केले तेव्हा कुठे शेंडा खुरटला आणि बाजूची मुळं वाढली.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रेफरन्स जीनचे सीटी एकाच सीडीएनएचे असून प्लेटच्या कडेला वेगळे आणि मधे वेगळे येत असतील, तर एकदा नवीन सील आणि दुसऱ्या कंपनीची प्लेट लावून बघा. तरी तोच पॅटर्न आला तर ब्लॉकच्या तापमानाचा किंवा ऑप्टिक्सचा प्रश्न आहे. मशिन उघडू नका, कॅलिब्रेशनचे आकडे स्वतः बदलू नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा आणि त्या प्लेटची फाइल दाखवा.

तपासणी ५ पर्यंत सगळं बरोबर असून सीटी ३५ च्या खाली येतच नसेल तर क्यूपीसीआरवर आणखी पैसे घालू नका. डिजिटल पीसीआर असलेल्या फॅसिलिटीत जा, कमी कॉपीज मोजायला ते बनलेलं आहे. आरएनए मात्र तिथेही डीएनए काढलेलाच लागतो, नो-आरटी सोबत न्या.

आणि प्रश्न जर हॉर्मोन किती आहे हा असेल तर घरच्या घरी एलायझा किटवर तो सोडवायचा प्रयत्न करू नका, असं मी मनापासून सांगते. सायटोकायनिन एका ग्रॅम ओल्या वजनात पिकोमोलच्या हिशोबात असतं, त्याचे प्रकार डझनभर, अँटिबॉडी एकाला धरताना शेजाऱ्यालाही धरते, आणि सिस व ट्रान्स झिएटिनचं तर वजनही एकच, ते कॉलमवर वेगळे करावे लागतात. हे काम एलसी-एमएस-एमएस वर (कॉलमवर वेगळं करून वजनावरून ओळखणाऱ्या मशिनवर), आयसोटोप लावलेले इंटर्नल स्टँडर्ड घालून, रोज हेच करणाऱ्या माणसाने करायचं.

त्यांच्याकडे जायच्या आधी फोन करून किती वजन लागेल ते विचारा आणि एक्स्ट्रॅक्शन तेच करणार की तुम्ही, हेही ठरवा. तुम्हीच करणार असाल तर मिथेनॉल, पाणी आणि फॉर्मिक अॅसिड १५:४:१ प्रमाणात, -२० अंशांवर गार केलेलं वापरा. साध्या पाण्यात किंवा बफरमध्ये वाटलं तर झाडाचेच फॉस्फटेज न्यूक्लिओटाइड तोडून टाकतात आणि रायबोसाइड खोटे वाढलेले दिसतात. सँपल ड्राय आइसवर पाठवा, मधे एकदाही वितळू देऊ नका. सोबत कापणीची वेळ, माध्यम, शेवटचं नायट्रोजन कधी दिलं आणि अॅग्रो वापरला असेल तर स्ट्रेनचं नाव लिहून द्या, ते पहिला प्रश्न हाच विचारतात.